झाकणाआडचे काम

यंत्राच्या दुरुस्तीत जे काम झाकणाच्या आत होते ते गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही; आणि जे दिसते, म्हणजे गाडी धुऊनपुसून उभी करणे, टाकीला चकाकी आणणे, चेनला वंगण लावणे, ते इतके थोडे आणि इतके सोपे असते की त्यावरून कारागिराच्या हाताची पारख होणे शक्य नसते. चांगले काम झालेले इंजिन आणि बिघडवून ठेवलेले इंजिन गॅरेजच्या दारातून बाहेर पडताना सारखेच दिसते, पुष्कळदा सारखेच वाजतेही, आणि दोहोंची पावती एकाच रकमेची असते. माझ्या मोटारसायकलीचे इंजिन आंबा घाटात धरले तेव्हापासून हा विचार मला सोडीत नाही. झालेल्या खर्चाचे दुःख काळाने ओसरले. परंतु ज्या रीतीने ती हानी घडली आणि ज्या रीतीने ती पुढे उजेडात आली, त्या दोन रीतींमधले अंतर मला दिवसेंदिवस अधिक मोठे वाटू लागले आहे, आणि ते नीट मांडता यावे एवढ्याचसाठी हा प्रपंच.

गाडी साधीच होती. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 बाजारात आली आणि पुढे काही वर्षांतच शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांनी आमच्याकडचे रस्ते व्यापून टाकले. राजदूत-येझदीच्या काळात पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळून घेण्याचा जो नित्याचा सोपस्कार असे तो संपला, मागचा धूर कमी झाला, आणि थोड्या पेट्रोलात लांबचे गाव गाठून परत येईल अशी गाडी सामान्य माणसाच्या ऐपतीत आली. डेअरीला दूध घालणारे शेतकरी, गुरांचे डॉक्टर, ग्रामसेवक, विमा एजंट आणि माझ्यासारखे कॉलेजात शिकवणारे लोक यांचे अर्धे आयुष्य या गाड्यांवर गेले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. अशा गाडीच्या इंजिनात ऑइल मावते ते लिटरभर, कधी त्याहूनही थोडे कमी. आणि त्या लिटरभर ऑइलावर पिस्टन, क्रँक, वर हेडमध्ये फिरणारा कॅम, गिअर आणि क्लच या सर्वांचा योगक्षेम चालतो. मोटारीत गिअरचे ऑइल निराळे असते. या गाड्यांत ते एकच, आणि म्हणून क्लचच्या झाकणाशी झालेली हयगय तेथेच न थांबता इंजिनाच्या थेट माथ्यापर्यंत जाऊन पोचते.

माझ्या गाडीचा क्लच घसरू लागला होता. कोल्हापुरात आमच्या भागातल्या एका बऱ्या चालणाऱ्या गॅरेजात मी ती दिली आणि सर्व्हिसिंग करून क्लचप्लेटा बदलण्यास सांगितले. संध्याकाळी गाडी मिळाली ती अगदी नव्यासारखी पुसलेली. पावतीवर ‘जनरल सर्व्हिसिंग, क्लचप्लेट, ऑइल’ एवढी तीन कलमे आणि त्यांच्यापुढे आकडे. दोन-चार दिवसांत वरच्या बाजूने एक बारीक, कोरडी टकटक ऐकू येऊ लागली. मी गाडी लागलीच परत नेली. तेथल्या पोराने टॅपेटची बुचे उघडली, पाना फिरवला, कान लावून ऐकले आणि म्हणाला, “सर, टॅपेट आवळलंय. ऑइल नवीन हाय, चार दिवसांत बसंल आवाज.” मालकाने काउंटरवरूनच मान हलवली. ज्याचा तो व्यवसाय त्याने दिलेला तो निर्वाळा होता, आणि त्यावर विसंबून राहण्यावाचून दुसरा मार्ग गिऱ्हाइकापाशी नसतो.

पुढे काही कामानिमित्त रत्नागिरीस जाणे झाले. परत येताना हातखंबा, पाली, नाणीज मागे पडून साखरपा येईपर्यंत गाडी ठीक चालली, कारण तोवर रस्ता बराचसा मोकळा आणि चढ बेताचा. साखरप्यानंतर घाट लागतो. दुपारची वेळ, पुढे ओझ्याचे ट्रक, दुसऱ्या गिअरमध्ये संथ चढण. गती कमी म्हणजे इंजिनाला लागणारा वारा कमी, आणि ओढ मात्र सर्वांत जास्त. निम्मा घाट चढून झाला असेल तोच मूठ पिळूनही गाडी ओढीनाशी झाली. टकटकीचा आवाज मोठा होऊन मध्येच एक चिरका, धातूवर धातू घासल्याचा स्वर उमटला, जळक्या तेलाचा वास आला, आणि मागचे चाक क्षणार्धात आवळल्यासारखे झाले. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून गाडी कडेला घेता आली. किक पायाखाली दगडासारखी उभी होती. सारा भार देऊनही ती तसूभर खाली जाईना. आमच्याकडे याला इंजिन धरले असे म्हणतात. मलकापूरकडे रिकामा जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याने न विचारता गाडी थांबवली, दोघांनी मिळून मोटारसायकल वर चढवली, आणि तिन्हीसांजेच्या सुमारास ती कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींच्या दारात उतरली.

उद्यमनगर हा कोल्हापूरचा असा भाग आहे की जेथे सकाळपासून लेथचा, ग्राइंडरचा आणि घणाचा आवाज एकमेकांत मिसळून चाललेला असतो. ओतकामापासून बारीक बुश बनवण्यापर्यंत लोखंडाचे बहुतेक काम तेथे शेजारीपाजारी होते. या मिस्त्रींचे दुकान लहान, एका वेळी दोन गाड्या मावतील एवढेच, परंतु त्यांची काम करण्याची रीत मी दुसऱ्या दिवशी आरंभापासून अखेरपर्यंत बसून पाहिली, आणि ती तपशिलाने सांगण्याजोगी आहे. त्यांनी प्रथम गाडीला हातच लावला नाही. सर्व्हिसिंग केव्हा झाले, काय काय बदलले, आवाज केव्हा सुरू झाला, घाटात आधी ओढ गेली की आधी आवाज वाढला, हे सर्व त्यांनी विचारले. मग खाली स्वच्छ फडके अंथरले, पत्र्याचे चार डबे मांडले, आणि ड्रेन नट सोडून ऑइल पातेल्यात घेतले. ऑइल जवळजवळ पुरे निघाले. “ऑइल हाय, सर,” ते म्हणाले, “म्हंजे ते वर गेलं न्हाई.” या एका वाक्यात त्यांनी चौकशीची दिशा ठरवून टाकली.

उजव्या बाजूचे झाकण उघडले तेव्हा मी वाकून पाहिले. झाकणाच्या कडेला, जेथे कागदी पॅकिंग असावयास हवे होते तेथे, करड्या रंगाच्या चिकट मसाल्याचा जाड थर होता. आणि तो दोन धातूंच्या मधून दाबला जाऊन बाहेरच्या अंगाला जसा पुसून काढलेला होता तसा आतल्या अंगाला कोणीच पुसलेला नव्हता. तेथे त्याच्या सुटलेल्या कडा लोंबत होत्या आणि काही ठिकाणी तुटून गेल्या होत्या. तुटून गेलेला भाग कोठे गेला याचे उत्तर तळाशी असलेल्या जाळीने दिले. ऑइलपंप ज्या जाळीतून तेल ओढून घेतो ती बोटभर लांबीची बारीक जाळी मिस्त्रींनी चिमट्याने ओढून बाहेर काढली, फडक्यावर ठेवली आणि उजेडाकडे सरकवली. शिजलेल्या शेवयांसारखे करडे तंतू तिच्यावर एकमेकांत गुंतून बसले होते. त्यांच्याखाली जाळीची भोके औषधालादेखील उरलेली दिसत नव्हती. “बोट लावून बघा, सर,” ते म्हणाले. मी बोट लावले. मसाला अजून लवचिक होता.

येथे थोडे थांबून ऑइल इंजिनात नेमके काय करते हे सांगितले पाहिजे, कारण ते समजल्याशिवाय एवढ्याशा तंतूंनी एवढा अनर्थ कसा केला हे ध्यानात येत नाही. तेल घातल्याने यंत्र सुरळीत चालते हे मनुष्याला गाडीच्या चाकाला वंगण देऊ लागल्यापासून ठाऊक आहे, परंतु ते का चालते याचा उलगडा व्हावयास एकोणिसावे शतक संपत यावे लागले. 1883 साली बोशँप टॉवर नावाचा इंग्रज अभियंता आगगाडीच्या आसासारख्या फिरत्या दांड्यावर घर्षणाचे प्रयोग करीत होता. वंगण देण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर दांडा फिरताना त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उलट वर उसळू लागले. त्याने लाकडी खुंटी ठोकून भोक बुजवले, तर तेलाने ती खुंटीच बाहेर ढकलून दिली. त्याने तेथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला 100 पौंडांच्या आसपास असताना मापकाचा काटा 200 च्या पलीकडे गेला. फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेलाला अरुंद फटीत ओढून नेतो, तेथे त्या तेलात प्रचंड दाब निर्माण होतो, आणि सारा भार त्या तेलाच्या पटलावर तोलला जाऊन धातू धातूला टेकतच नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. ऑस्बर्न रेनल्ड्स याने 1886 साली त्याचे गणित मांडले आणि तेलाच्या पटलावर चालणारे आजचे प्रत्येक बेअरिंग त्याच गणितावर उभे आहे. मला या प्रयोगातली ती बाहेर फेकली गेलेली खुंटी फार मोलाची वाटते. दोन धातूंच्या मध्ये, डोळ्यांना न दिसणाऱ्या जाडीचा, परंतु एवढे बळ धारण करणारा एक थर अखंड राहावा, यासाठीच इंजिनातला पंप, त्याच्या नळ्या आणि ती बोटभर जाळी यांची योजना असते.

हा थर तुटला की पुढचे सर्व फार वेगाने घडते. गाडी वेगात असता असे इंजिन मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेरे घेते, म्हणजे पिस्टन एका सेकंदात शंभरदा वर जाऊन शंभरदा खाली येतो; त्याच्या माथ्यावर पेट्रोल जळते त्या वायूचे उष्णतामान दोन हजार अंशांच्या घरात असते, आणि पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचा घडवलेला असतो ते शुद्ध स्वरूपात 660 अंशांवरच वितळते. तो वितळत नाही, कारण उष्णता सतत रिंगांतून, तेलातून आणि नळकांड्याच्या भिंतींतून बाहेर काढून दिली जात असते. पुन्हा, अॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून पिस्टन आणि लोखंडी नळकांडे यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांची मोकळीक मापून ठेवलेली असते. तेल कमी पडले की घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता, उष्णतेने पिस्टन फुगतो, मोकळीक संपते, आणि पिस्टनची कडा नळकांड्याच्या भिंतीला सारवल्यासारखी चिकटते. हे घाटात घडले. पण त्याआधी, पुष्कळ आधी, हानीला आरंभ झाला होता तो हेडमध्ये; कारण कॅम पंपापासून सर्वांत दूर आणि सर्वांत उंच, आणि जाळी बुजत चालली की तेल प्रथम तेथे पोचेनासे होते. ती बारीक टकटक कोरड्या पडत चाललेल्या कॅमची होती.

मिस्त्रींनी हेड उतरवून कॅम हातात दिला तेव्हा त्याच्या उंचवट्यावर नखाला लागतील असे खाचखळगे पडलेले होते आणि रॉकरचे गुळगुळीत असावयाचे तोंड खरवडून निघाले होते. ब्लॉक उपसल्यावर पिस्टनच्या पुढच्या अंगाला वरपासून खालपर्यंत ओरखडे, आणि आत नळकांड्याच्या भिंतीवर त्यांचीच जोड. मिस्त्री एकेक भाग रॉकेलने धुऊन फडक्यावर ओळीने मांडीत गेले, आणि इतक्या वेळात त्यांनी ज्या कोणी हे केले त्याच्याविषयी एकही उणा शब्द उच्चारला नाही.

आता हा मसाला वापरला का गेला, याचा विचार केला पाहिजे. झाकण उघडले की जुने कागदी पॅकिंग फाटते. त्याचे चिकटून राहिलेले तुकडे पात्याने खरवडून काढावे लागतात, तेही अॅल्युमिनियमला ओरखडा न पाडता. मग पृष्ठभाग पुसून नवे पॅकिंग लावावयाचे, आणि स्क्रू एकाच बाजूने न आवळता समोरासमोर थोडे थोडे आवळत यावयाचे. नव्या पॅकिंगची किंमत क्षुल्लक असते. वेळ आणि धीर मात्र लागतो. उलट ट्यूबमधला मसाला सगळीकडून पिळून झाकण दाबून बसवले की काम पाच मिनिटांत होते आणि बाहेर तेलाचा थेंब येत नाही. या मसाल्याशी माझे वैर नाही. ज्या सांध्याला तो सांगितलेला असतो तेथे, पातळ हाताने लावला तर, तो आपले काम उत्तम करतो. आक्षेप त्याच्या जाड थरावर आहे, आणि त्याहून अधिक त्या समजुतीवर आहे की बाहेर तेल आले नाही म्हणजे काम झाले.

ज्या पोराच्या हातून हे घडले असावे त्याच्यावर मला राग धरता येत नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते की आतली कडाही पुसावी लागते, कारण ज्याने सांगावयाचे तो मालक काउंटरवर होता आणि दारात गाड्यांची रांग होती. दिवसाकाठी किती गाड्या बाहेर पडल्या यावर जेथे हिशेब चालतो तेथे पात्याने पॅकिंग खरवडीत बसणारा मुलगा आळशी ठरतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हे काम शिकवले जाते, आणि चांगले शिकवले जाते. पण गल्लीतल्या गॅरेजात येणारी बहुतेक मुले शाळा सुटली की थेट येतात, आणि त्यांचे शिक्षण म्हणजे शेजारचा काय करतो ते पाहणे. शेजारचाही तसाच शिकलेला असतो. जबाबदारी ज्याच्या नावाची पाटी असते आणि जो पावतीवर सही करतो त्याची, असे माझे मत आहे, आणि ते मी पुढे त्या मालकालाही सांगितले.

तो म्हणाला, “सर, आमच्याकडनं गेली तवा गाडी चालू हुती. आणि गाडी आता जुनी झाली हो.” ही कैफियत मी अनेकांच्या तोंडून अनेक वस्तूंबाबत ऐकली आहे, आणि तिच्यात एक मोठी अडचण अशी असते की तिचे दोन्ही भाग खरे असतात. गाडी चालू होती, आणि जुनीही होती. पण त्यांच्या मधोमध ती जाळी होती, आणि जुनेपणाने जाळीवर मसाल्याचे तंतू उगवत नाहीत. मला लेखी काही हवे होते. मिस्त्रींकडे ते मागताना मला संकोच वाटत होता, कारण त्याच धंद्यातल्या, कदाचित रोज रस्त्यात भेटणाऱ्या माणसाविरुद्ध त्यांनी लिहून द्यावे असे मी म्हणत होतो. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “सापडलं ते लिवून देतो, सर. कुणी केलं ते म्या बघितलं न्हाई, ते लिवणार न्हाई.” आणि त्यांनी वहीचे पान फाडून, तारीख घालून लिहिले: झाकणाला पॅकिंग नव्हते, मसाल्याचा थर होता, जाळी बुजलेली होती, ऑइल इतके निघाले, कॅम, रॉकर, पिस्टन, ब्लॉक यांची स्थिती अशी अशी. खाली सही. मी सरकारी दफ्तरातले कितीतरी पंचनामे वाचले आहेत. प्रत्यक्ष पाहिलेले आणि तर्काने जाणलेले यांच्यामध्ये एवढी स्वच्छ रेषा आखलेला कागद त्यांत फार क्वचित आढळला.

कारागिराच्या हाती दिलेल्या वस्तूचा जिम्मा कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कण्टकशोधन’ नावाचे जे अधिकरण आहे त्याचा आरंभच कारागिरांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे या प्रकरणाने होतो. परटाने कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवर धुवावेत. अन्यत्र धुतल्यास कपड्याचे झालेले नुकसान भरून द्यावे आणि वर सहा पण दंड द्यावा, असा तेथे निर्बंध आहे. त्यात मला लक्षणीय वाटते ते हे, की कपडा फाटल्यावर काय करावे एवढ्यावर ग्रंथकार थांबला नाही. तो कोणत्या दगडावर धुवावा हेही त्याने सांगून ठेवले, कारण कपड्याचा मालक नदीवर हजर नसतो. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाचे 151 वे कलम याच जातीचे आहे: सर्वसाधारण विवेकाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी ज्याच्या ताब्यात दुसऱ्याची वस्तू आली आहे त्याने घेतलीच पाहिजे. तोच कायदा 170 व्या कलमात कारागिराचाही कैवार घेतो, आणि न घडवलेला हिरा जवाहिऱ्याकडे पैलू पाडावयास दिल्याचा दाखला देऊन सांगतो, की कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. गॅरेजवाल्याने पैसे मिळाल्याशिवाय गाडी सोडू नये हे ज्या न्यायाने खरे, त्याच न्यायाने आत काय केले हे त्याने मालकाला सांगणेही खरे.

आपल्या पिढीला याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे. 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा या देशात ग्राहकासाठी वेगळे न्यायासन नव्हते. ते 1986 च्या कायद्याने आले, आणि 20 जुलै 2020 पासून अंमलात आलेल्या 2019 च्या नव्या कायद्याने फिर्याद आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दाखल करण्याची मुभा दिली. मोबदल्याची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, वकील दिलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी आयोगाकडे जाण्यापूर्वी मालकाला लेखी नोटीस दिली आणि मिस्त्रींच्या कागदाची नक्कल सोबत जोडली. तो उद्यमनगरात आला. फडक्यात बांधून ठेवलेली जाळी मिस्त्रींनी त्याच्यापुढे ठेवली; त्याने ती उचलून पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही. भागांचा खर्च देण्याचे त्याने तेथेच कबूल केले, आणि तो दिलाही. मजुरी माझी मी दिली. यापुढे झाकणाला पॅकिंगच लावू, एवढे त्याने कागदावर लिहून द्यावे अशी माझी इच्छा होती. ते मात्र त्याने दिले नाही, आणि मला ते पैशापेक्षा अधिक हवे होते.

दुरुस्तीला मिस्त्रींनी घाई केली नाही. ब्लॉक शेजारच्या कारखान्यात बोअर मारावयास गेला आणि पाव मिलिमीटर वाढीव मापाचा पिस्टन आधी हातात आल्यावरच, त्याच्या मापाने, तो कापला गेला. हेड बदलावे लागले. क्रँक हातात फिरवून, कनेक्टिंग रॉड वरखाली ओढून, त्यात ढिलाई नाही याची त्यांनी दोन वेळा खात्री केली. पंपापासून हेडपर्यंतच्या सगळ्या वाटा हवा मारून मोकळ्या केल्या, आणि प्रत्येक वाटेच्या दुसऱ्या टोकाला बोट धरून हवा येते का ते पाहिले. क्लचच्या झाकणाचे पॅकिंग त्या दिवशी दुकानात मिळाले नाही. तेव्हा त्यांनी पॅकिंगचा कागद झाकणावर ठेवला आणि लहान हातोडीच्या गोल तोंडाने झाकणाच्या कडेकडेने हलके ठोके देत गेले. धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जाऊन बरोबर झाकणाच्या आकाराचे पॅकिंग त्यांच्या हातात आले, स्क्रूंच्या भोकांसकट. या कामाला अर्धा तास लागला असेल. ट्यूब त्यांच्या फळीवरही होती. त्यांनी ती घेतली नाही.

सर्व बसवून झाल्यावर त्यांनी टॅपेटचे वरचे बूच उघडे ठेवले, इंजिन सुरू केले आणि मला हाक मारली. “सर, हिकडं या. वर ऑइल आलं का न्हाई बघून घ्या, मग बूच लावतो.” मी वाकलो. पहिले काही क्षण आत कोरडे होते. मग रॉकरच्या बाजूने तेलाची एक पातळ धार आली, कॅमवर पसरली आणि उजेडात चमकली. त्यांनी इंजिन बंद केले आणि माझ्या देखत बूच आवळले. वहीत बदललेल्या भागांची यादी लिहून तिची नक्कल मला दिली, आणि निकामी भाग पिशवीत घालून माझ्या हवाली केले. पहिले काही शे किलोमीटर बेताने चालवावे, मग ऑइल बदलून पुन्हा एकदा जाळी पाहू, असे बजावले. आणि मी गाडी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती खरोखरच उघडून पाहिली. जाळी स्वच्छ होती.

एवढ्या सविस्तर हकिकतीचा हेतू कोणा एका गॅरेजाला दोष देण्याचा नाही. गॅरेज चालवणाऱ्या सर्व बंधूंना माझी विनंती आहे, की इंजिनाचे कोणतेही झाकण बंद करण्यापूर्वी गाडीच्या मालकाला बोलावून आत काय केले ते दाखवावे. तो हजर नसेल तर फोनवर छायाचित्र पाठवावे. आणि पावतीवर ‘जनरल सर्व्हिसिंग’ असे दोन शब्द न लिहिता काय उघडले आणि काय बदलले ते लिहावे. यास एक पैसा खर्च येत नाही. वाचकांना विनंती अशी, की सर्व्हिसिंगनंतर वरच्या बाजूने नवा आवाज येऊ लागला तर चार दिवस वाट पाहा असे कोणीही म्हणो, गाडी तेथेच थांबवून टॅपेटचे बूच उघडून तेल वर येते का ते डोळ्यांनी पाहावे. इंजिन धरलेच, तर ते दुसऱ्या मिस्त्रीकडे उघडताना समोर बसावे, सापडलेल्या स्थितीचा तारीख घातलेला कागद घ्यावा, आणि काढलेले भाग मागून घ्यावेत. ते भाग आपल्याच मालकीचे असतात. दोन वर्षांची मुदत संपेपर्यंत ते घरी जपून ठेवावेत.